785 प्रतींचा अहवाल: थ्रॉबिंग ग्रिसलचा पहिला अल्बम आणि त्याच्या पुढील आवृत्त्या

नोव्हेंबर 1977 मध्ये लंडनमधील 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या जवळजवळ घरगुती म्हणावे अशा लेबलने थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या गटाची एक एलपी, म्हणजे दीर्घ मुद्रणाची तबकडी, बाजारात आणली. तिचे नाव होते 'द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट', म्हणजे दुसरा वार्षिक अहवाल. प्रती निघाल्या 785, कारण पैसे तेवढ्यांपुरतेच होते. पुढील चाळीस वर्षांत याच अल्बमच्या अर्धा डझन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकीत संगीत उलट्या दिशेने वाजते, एकीच्या शेवटी मुळात नसलेली दोन गाणी जोडलेली आहेत, एकीवर गटातील सदस्याने स्वतः बसून नव्याने केलेले ध्वनिसंस्करण आहे, आणि शेवटची पांढऱ्या व्हिनाइलवर, मूळ वेष्टनाची नक्कल करून निघाली. इंडस्ट्रियल संगीत या गोंगाट आणि विकृत ध्वनींवर उभ्या असलेल्या प्रवाहाला ज्या लेबलवरून नाव मिळाले त्या लेबलची ही पहिली एलपी असल्यामुळे तिच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र ते लेखन बहुतेक वेळा तिच्या प्रभावापाशी थांबते. येथे विचार करायचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा: ज्या ध्वनिमुद्रणातील खरखर, फाटलेला आवाज आणि कोंदटपणा हाच आशयाचा भाग आहे, त्याची 'सुधारित' आवृत्ती काढायची म्हणजे नेमके काय करायचे, आणि तो निर्णय कोणी घ्यायचा?

पार्श्वभूमी

गटाची मुळे संगीतात नव्हती. जेनेसिस पी-ऑरिज आणि कोझी फॅनी टुटी हे दोघे हल शहरात 1969 च्या सुमारास सुरू झालेल्या 'कूम ट्रान्समिशन्स' या प्रयोगकला गटातून आले होते. लंडनला आल्यावर हॅकनी भागात मार्टेलो स्ट्रीटवरील एका जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांनी आपली जागा थाटली आणि तिला 'डेथ फॅक्टरी' असे नाव दिले. पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर त्यांना मिळाले आणि 3 सप्टेंबर 1975 या तारखेला थ्रॉबिंग ग्रिसलची स्थापना झाली असे गट सांगत असे; ब्रिटनने 1939 मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले तो हाच दिवस, आणि तो जाणूनबुजून निवडला होता.

18 ऑक्टोबर 1976 रोजी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये (आयसीए) कूमच्या 'प्रॉस्टिट्यूशन' या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले आणि त्याच संध्याकाळी तेथे थ्रॉबिंग ग्रिसल वाजले. प्रौढांच्या मासिकांत कोझी यांनी मॉडेल म्हणून केलेल्या कामाची पाने प्रदर्शनात होती. करदात्यांच्या पैशातून अनुदान घेणाऱ्या संस्थेत हे चालते यावरून गदारोळ उठला, आणि निकोलस फेअरबेर्न या हुजूर पक्षाच्या खासदाराने कूमच्या मंडळींना 'संस्कृतीचे विध्वंसक' ठरवले. त्याच वर्षी ब्रिटनचे सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी गेलेले होते. जुने उद्योग मोडकळीस येत होते आणि नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे मोर्चे रस्त्यांवर दिसत होते. अशा वेळी कारखान्याच्या तळघरातून 'औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत' अशी घोषणा मिरवणारे लेबल निघावे यात उपरोध होता. ही घोषणा माँटे कझाझा या अमेरिकी कलावंताने सुचवलेली. लेबलच्या बोधचिन्हासाठी आउशवित्झ मृत्युछावणीतील इमारतीचे छायाचित्र वापरले होते. पहिल्या दृष्टिक्षेपात ते कुठल्याही साध्या कारखान्याचे चित्र वाटते, आणि तसे ते वाटावे हाच त्यामागचा डाव होता.

मोठ्या कंपन्यांकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. स्वतःचे लेबल काढणे ही तेव्हा अगदी अनोखी गोष्ट उरलेली नव्हती. पंक या बंडखोर रॉक संगीताच्या लाटेत छोटी लेबले निघू लागली होती. पंकवाल्यांना निदान तीन सूर, ढोल आणि गाण्याची चाल एवढे मान्य होते. या चौघांना तेही मान्य नव्हते, आणि ढोल वाजवणारा त्यांच्यात कोणी नव्हताच.

मूळ वस्तू

एलपीच्या पहिल्या बाजूवर सुमारे मिनिटभराच्या प्रस्तावनेनंतर दोनच रचना आहेत, मात्र त्या पुन्हा पुन्हा येतात. 'स्लग बेट' तीनदा ऐकू येते: एकदा आयसीएतील, एकदा साउथँप्टनमधील आणि एकदा ब्रायटनमधील कार्यक्रमातून. त्यानंतर 'मॅगट डेथ' चारदा येते, त्यांपैकी तीन रूपे प्रत्यक्ष कार्यक्रमांतील आणि एक स्टुडिओतील. दुसरी बाजू पूर्णपणे 'आफ्टर सीज टू एक्झिस्ट' या वीस मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापली आहे. कूमने त्याच नावाचा जो लघुपट केला होता, त्याचे हे पार्श्वसंगीत. ही सारी मुद्रणे ऑक्टोबर 1976 ते सप्टेंबर 1977 या काळातील, आणि ती कॅसेट रेकॉर्डरवर केलेली आहेत.

एकच रचना तीन-चार वेळा छापायची हा निर्णय ऐकणाऱ्याला आजही बुचकळ्यात टाकतो. एखाद्या कंपनीने वर्षभराच्या कामाचा तपशील भागधारकांपुढे ठेवावा तसा गटाने वर्षभरातील प्रयोगांचा तपशील मांडला आहे, हे लक्षात आल्यावर ती मांडणी उलगडते. 'स्लग बेट'मधील प्रथमपुरुषी, अत्यंत हिंसक कथन आयसीएत एका रीतीने येते आणि पुढच्या ठिकाणी दुसऱ्या रीतीने. आवाजाचा पोत बदलतो, जागेचा घुमारा बदलतो, श्रोत्यांची उपस्थिती कधी जाणवते, कधी नाही. एकाच रूपाची निवड करून बाकीची टाकून दिली असती तर हाती 'गाणे' आले असते. तीन रूपे शेजारी ठेवल्यामुळे हाती नोंद येते. पहिला वार्षिक अहवाल मात्र तेव्हा बाजारात आलाच नव्हता. त्या नावाने ओळखली जाणारी 1975 मधील मुद्रणे पुढे चोरट्या प्रतींमधून फिरली आणि नंतर सीडीवर आली. दुसऱ्यापासून सुरुवात करणे हीदेखील अहवालाच्या गांभीर्याची थट्टाच होती.

या ध्वनिमुद्रणाचा दर्जा गरिबीमुळे तसा राहिला असे सर्रास सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहेच. पण गटातील दोन माणसांच्या व्यवसायाकडे पाहिले की ते स्पष्टीकरण अपुरे पडते. ख्रिस कार्टर यांनी दूरचित्रवाणी कंपन्यांसाठी ध्वनीचे काम केलेले होते. चांगले मुद्रण कसे करतात हे त्यांना माहीत होते. ते स्वतःची वाद्ययंत्रे जोडत असत, आणि एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात 1975 मध्ये छापून आलेल्या आराखड्यात फेरफार करून त्यांनी बांधलेले 'ग्रिसलायझर' हे आवाज विकृत करणारे उपकरण गटाच्या एकूण ध्वनीची ओळख बनले. पीटर क्रिस्टोफरसन 'हिप्नोसिस' या संस्थेत काम करत होते, म्हणजे पिंक फ्लॉइडसारख्या बड्या गटांची वेष्टने जेथे तयार होत त्या जागी. त्यांच्या हाताखालून अत्यंत खर्चिक आणि देखणी वेष्टने जात असताना स्वतःच्या गटाची एलपी साध्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात, वर मजकुराचे स्टिकर चिकटवून, आत श्रोत्यांसाठी प्रश्नावली घालून निघते, याचा अर्थ तो पोशाख विचारपूर्वक निवडलेला आहे. पैसे नव्हते हे खरेच, पण पैसे असते तरी रंगीत, गुळगुळीत वेष्टन आले असते असे मानायला जागा नाही. कॅसेटच्या बाबतीतही मला तसेच वाटते: साधन स्वस्त होते, आणि त्या साधनाने कार्यक्रमाच्या जागेचा जो पुरावा मागे ठेवला तो गटाला हवा होता. पुढे 1980 मध्ये याच गटाने आपल्या कार्यक्रमांच्या चोवीस कॅसेट एका सुटकेसमध्ये घालून विकल्या, आणि 2002 मध्ये त्यांचा चोवीस सीडींचा संच निघाला. कॅसेटवरील नोंद ही त्यांच्या लेखी तात्पुरती सोय असती तर असे घडले नसते.

खरखरीचा प्रश्न

येथे जरा तांत्रिक खोलात जावे लागेल, कारण पुढील सगळा वाद त्यावर उभा आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणाचे संस्करण करणारा माणूस साधारणपणे दोन गोष्टी वेगळ्या काढतो: संगीत आणि त्याच्यावर साचलेला अनावश्यक आवाज. 1930 च्या दशकातील नाट्यगीताच्या तबकडीवर काम करताना त्याला ठाऊक असते की गायकाचा आवाज, हार्मोनियम आणि तबला हे राखायचे आणि सुईची करकर घालवायची. हार्मोनियम कसा वाजतो हे जगाला माहीत असल्यामुळे करकर कोणती आणि स्वर कोणता हे ठरवता येते. टेपवरील सातत्याची सळसळ तर आणखी सोपी. संगीत सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत ती एकटीच ऐकू येते, तिचा नमुना घेऊन ती सगळीकडून वजा करता येते.

'द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट'च्या बाबतीत हा आधारच नाहीसा होतो. सिंथेसायझरमधून काढलेला पांढरा गोंगाट (सर्व कंप्रता सारख्याच मिसळलेला आवाज) आणि टेपची सळसळ ध्वनीच्या त्याच पट्ट्यात पसरलेले असतात. ग्रिसलायझरमधून मुद्दाम फाडलेला गिटारचा आवाज आणि मुद्रण-पातळी ओलांडल्यामुळे कॅसेटवर फाटलेला आवाज हे दोन्ही आलेखावर जवळजवळ सारखेच दिसतात. क्रिस्टोफरसन जे ध्वनितुकडे कार्यक्रमात मिसळत, ते मुळातच कॅसेटवरून वाजवलेले असत. म्हणजे कॅसेटवर मुद्रित झालेली सळसळ कधी मुद्रणयंत्राची असते, तर कधी रंगमंचावर वाजवलेल्या दुसऱ्या कॅसेटची, आणि ही दुसरी सळसळ संगीताचाच भाग असते. कोणत्याही सॉफ्टवेअरला हा भेद करता येणार नाही. तो करू शकेल तो त्या खोलीत त्या दिवशी उभा असलेला माणूस, आणि त्यालाही स्मरणावर भिस्त ठेवावी लागेल.

शिवाय कॅसेटवर जे उतरलेच नाही ते कोणत्याही संस्करणाने परत येत नाही. 1970 च्या दशकातील साध्या कॅसेट यंत्रावर अगदी वरच्या कंप्रतेचे ध्वनी नीट उतरत नसत, आणि जोरात वाजणाऱ्या खर्जाच्या लाटा टेपवर दाबल्या जात. या गटाचे कार्यक्रम ऐकलेले लोक शरीरावर आदळणाऱ्या आवाजाचे वर्णन करत आले आहेत. रेकॉर्डवर मात्र तो आवाज एखाद्या भिंतीपलीकडून यावा तसा येतो. संस्करण करणारा खर्ज उचलून ती भिंत पातळ करू शकतो. पण तसे केल्यावर जे ऐकू येईल तो कार्यक्रमाचा आवाज नसेल आणि 1977 च्या रेकॉर्डचाही नसेल.

आवृत्त्यांचा क्रम

785 प्रती संपायला वेळ लागला नाही आणि मागणी टिकून राहिली. फेटिश रेकॉर्ड्स या दुसऱ्या छोट्या लेबलने वर्ष-दोन वर्षांतच मूळ एलपीला धरून नवीन आवृत्ती काढली. तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. जी वस्तू मिळत नव्हती ती मिळू लागली, आणि पुष्कळ लोकांनी हा अल्बम ऐकला तो त्या प्रतींवरून.

1981 मध्ये फेटिशनेच जी आवृत्ती काढली तिच्यापाशी मात्र थांबावे लागते. त्या वर्षी 29 मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील केझार पॅव्हिलियन येथे गटाने शेवटचा कार्यक्रम केला आणि जूनमध्ये 'कामगिरी समाप्त झाली आहे' अशा आशयाची पोस्टकार्डे पाठवून आपले विसर्जन जाहीर केले. त्याच वर्षीच्या या आवृत्तीत ध्वनी उलट्या दिशेने वाजतो. नाव तेच, पण बोललेला प्रत्येक शब्द अनाकलनीय झालेला.

उलट्या टेपने सगळ्या ध्वनींवर सारखा परिणाम होत नाही, आणि या अल्बमच्या बाबतीत ते विशेष उद्बोधक ठरते. आघाताने सुरू होऊन विरत जाणारा आवाज उलटा केला की तो फुगत येऊन अचानक तुटतो आणि ऐकणाऱ्याला लगेच खटकतो. मानवी बोलणे तर पूर्णपणे ओळखीपलीकडे जाते, त्यामुळे 'स्लग बेट'मधील भीषण कथन त्या आवृत्तीत केवळ घोगरा ध्वनी म्हणून उरते. याउलट, संथ आणि दीर्घ चालणारा, सुरुवात-शेवट नसलेला घुमारा उलटा वाजवला तरी जवळजवळ तसाच राहतो. म्हणून पहिल्या बाजूची मोडतोड अधिक होते आणि 'आफ्टर सीज टू एक्झिस्ट'चा बराचसा भाग तग धरतो. एका अर्थी या आवृत्तीने अल्बमचे विच्छेदनच करून दाखवले: त्यातला किती भाग कथनावर उभा आहे आणि किती भाग निव्वळ ध्वनीवर, हे तिच्यामुळे कानांना कळते.

संग्राहक तिच्याकडे एक विक्षिप्त वस्तू म्हणून पाहतात, आणि अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याच्या हाती ती पडली तर त्याची फसगत होते हे मान्य करावे लागेल. तरीही विसर्जित होत असलेल्या गटाचा पहिला अल्बम उलटा वाजवून परत बाजारात येतो, ही कृती त्या गटाच्या स्वभावाशी सुसंगत होती. ज्यांनी 1978 मध्ये 'युनायटेड' नावाचे चांगले चार मिनिटांचे गाणे सिंगल म्हणून, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीवर विकले आणि त्याच वर्षाच्या अखेरीच्या अल्बमवर तेच गाणे अतिवेगाने वाजवून सोळा सेकंदांत उरकले, त्यांच्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची?

1980 च्या दशकात गटाचे जुने अल्बम म्यूट रेकॉर्ड्सकडे गेले. डॅनियल मिलर यांनी 1978 मध्ये स्वतःचे एक सिंगल काढण्यासाठी सुरू केलेले हे लेबल तोवर चांगले स्थिरावले होते. त्याच्याकडून आधी एलपी आणि मग 1991 मध्ये 'द ग्रे एरिया' या जुन्या संगीतासाठीच्या उपलेबलवर सीडी निघाली. जगभर हा अल्बम पोहोचला तो मुख्यतः या सीडीमुळे, आणि माझ्या मते अल्बमच्या रचनेला सर्वांत मोठा धक्का लावला तोही तिनेच. उलट्या आवृत्तीने धक्का दिला हे कोणालाही ऐकू येते. सीडीने दिलेला धक्का मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पहिली बाब दोन बाजूंमधल्या अंतराची. एलपीवर 'मॅगट डेथ'ची शेवटची आवृत्ती संपली की श्रोता उठतो आणि तबकडी उलटतो. त्या अवधीत अहवालाचा पहिला विभाग, म्हणजे तुकड्यांची नोंद, बंद होतो आणि चित्रपटाचा सलग वीस मिनिटांचा विभाग उघडतो. सीडीवर हे अंतर दोन-चार सेकंदांवर आले. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. सीडीत जागा शिल्लक असल्यामुळे 1978 च्या सिंगलच्या दोन्ही बाजू, 'झायक्लॉन बी झोंबी' आणि 'युनायटेड', शेवटी जोडण्यात आल्या. खरेदीदाराच्या दृष्टीने हा फायदाच होता. ते सिंगल दुर्मीळ झाले होते. पण त्यामुळे वीस मिनिटांच्या काळोख्या रचनेनंतर आधी नाझी विषवायूचे नाव धारण करणारा गोंगाट आदळतो आणि त्यानंतर एक चक्क गुणगुणता येण्याजोगे, ठेक्यावरचे प्रेमगीत येऊन अल्बम संपतो. 1991 नंतर ज्यांनी हा अल्बम ओळखीचा करून घेतला त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात त्याचा शेवट 'युनायटेड' हाच आहे. 1977 मध्ये तो शेवट नव्हता; ते गाणे तोवर बाजारात आलेलेही नव्हते.

गट परत येतो

2004 मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले आणि 2007 मध्ये त्यांचा नवा अल्बमही निघाला. 2008 मध्ये पॅरिस येथे त्यांनी 'द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट' रंगमंचावर नव्याने सादर केला, आणि त्या सादरीकरणाच्या मुद्रणाला 'द थर्टी-सेकंड ॲन्युअल रिपोर्ट' हे नाव दिले. जुने काम जसेच्या तसे वाजवणे हा हेतू नव्हता आणि ते शक्यही नव्हते. यंत्रे बदलली होती, कान बदलले होते, आणि मूळ काम लिहून ठेवलेल्या स्वरांवर आधारलेले नव्हतेच. पुनर्प्रकाशनाच्या दृष्टीने पाहता हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होते असे म्हणता येते. अहवाल जुना झाला असेल, तर त्याचे कागद इस्त्री करून पुन्हा छापण्याऐवजी नवीन अहवाल लिहायचा.

पण ते उत्तर फार काळ टिकू शकले नाही. 2010 च्या हेमंतात युरोपचा दौरा चालू असताना पी-ऑरिज गटातून बाहेर पडले, आणि 25 नोव्हेंबर 2010 रोजी बँकॉक येथे पीटर क्रिस्टोफरसन यांचे निधन झाले. गट संपला. त्यानंतर उरला तो जुन्या मुद्रणांचा ठेवा आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न.

2011 मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सने गटाचे सुरुवातीचे अल्बम काढले, आणि त्यांचे ध्वनिसंस्करण ख्रिस कार्टर यांनी केले. वर मांडलेल्या प्रश्नाला, म्हणजे कोणता गोंगाट हेतूने आलेला आणि कोणता यंत्राने घुसवलेला या प्रश्नाला, उत्तर देण्याचा अधिकार ज्याला आहे असा माणूस प्रथमच या कामाला पूर्णपणे बसला. यंत्रे त्याने बांधलेली, मुद्रणात त्याचा हात, आणि व्यवसायाने ध्वनीचा जाणकार. मांडणीतही शहाणपण दिसते. सीडीच्या आवृत्तीत मूळ अल्बम एका तबकडीवर स्वतंत्र ठेवला आणि जादा सामग्री, त्या काळातील कार्यक्रमांची मुद्रणे व सिंगलच्या दोन बाजू, दुसऱ्या तबकडीवर नेली. त्यामुळे पहिल्या तबकडीचा शेवट पुन्हा 'आफ्टर सीज टू एक्झिस्ट'ने होऊ लागला. वीस वर्षांपूर्वी अल्बमच्या शेपटीला बांधलेले गाणे सुटे झाले, आणि ते हरवलेही नाही.

या व्यवस्थेवर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला गंभीर वाटतो. चौघांनी मिळून केलेल्या कामाचे अंतिम रूप एकाने ठरवावे का? थ्रॉबिंग ग्रिसलमध्ये कोण काय करतो याची सीमारेषा मुद्दाम पुसट ठेवलेली होती. क्रिस्टोफरसन यांच्या कॅसेटवरील कोणता तुकडा किती पुढे यावा याबद्दल त्यांचे स्वतःचे मत निराळे असू शकले असते. 2011 मध्ये ते विचारता येणार नव्हते. पी-ऑरिज गट सोडून गेलेले होते. एकाच्या कानांतून गेलेले संस्करण हे अपरिहार्यपणे एका बाजूचे साक्षीपत्र असते. मात्र दुसरा पर्याय होता तो चौघांपैकी कोणालाही न ओळखणाऱ्या तंत्रज्ञाने सगळी खरखर 'स्वच्छ' करण्याचा, आणि तो नक्कीच अधिक वाईट ठरला असता. आक्षेप योग्य आहे, पण त्याने 2011 ची आवृत्ती रद्द होत नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये, मूळ प्रकाशनाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, अल्बम पुन्हा म्यूटकडूनच निघाला. मर्यादित प्रतींची आवृत्ती पांढऱ्या व्हिनाइलवर होती आणि वेष्टन 1977 च्या वेष्टनाबरहुकूम. येथे एक विसंगती नजरेत भरते. 1977 चे पांढरे पुठ्ठ्याचे वेष्टन अलंकाराला नकार देणारे होते. चाळीस वर्षांनी त्याची हुबेहूब नक्कल करणे हा स्वतःच एक अलंकार बनतो, आणि त्यावर खर्चही होतो. मूळ तबकडी काळीच होती. पांढरे व्हिनाइल हा संग्राहकांच्या बाजाराला दिलेला नैवेद्य आहे. तरी या आवृत्तीला नुसती नफेखोरी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. मूळ 785 प्रतींपैकी एखादी विकायला निघाली तर तिची किंमत सामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेर असते. ती वस्तू हातात कशी लागत होती, तिचे दारिद्र्य कशा प्रकारचे होते, हे समजण्याचा दुसरा मार्ग नाही. ध्वनीपुरते बोलायचे तर सीडी पुरेशी आहे. वेष्टनाचा युक्तिवाद मात्र वेष्टन पाहिल्याशिवाय कळत नाही.

कोणती आवृत्ती ऐकावी

हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याने 2011 किंवा 2017 च्या आवृत्तीची पहिली तबकडी घ्यावी, 'आफ्टर सीज टू एक्झिस्ट' संपताच थांबावे, आणि पहिल्या बाजूनंतर स्वतःहून काही मिनिटांचा विराम घ्यावा. 'स्लग बेट'चे शब्द लक्ष देऊन ऐकायचे की नाही हे प्रत्येकाने आपापल्या मनाच्या तयारीनुसार ठरवावे. ते शब्द किळस यावी म्हणूनच रचलेले आहेत आणि पन्नास वर्षांत त्यांची धार कमी झालेली नाही. लेबलच्या बोधचिन्हाबद्दल आणि 'झायक्लॉन बी' सारख्या नावांबद्दलही एक सावधगिरी आवश्यक आहे. 1977 च्या लंडनमध्ये नव्या फॅसिस्टांचे मोर्चे निघत असताना त्या प्रतिमांचा जो रोख होता, तो 2017 च्या देखण्या पुनर्प्रकाशनात आपोआप सोबत येत नाही. नवीन श्रोत्याला तो सांगावा लागतो, आणि पुनर्प्रकाशनासोबतच्या पुस्तिकेचे खरे काम हेच असायला हवे. दुर्मीळ छायाचित्रे छापण्यापेक्षा ते अवघड आहे, पण त्याची गरज अधिक आहे.

अभ्यासकासाठी मात्र एक जागा रिकामी राहिली आहे. 1991, 2011 आणि 2017 या तिन्ही आवृत्त्या अल्बमला सरळ दिशेनेच वाजवतात. 1981 चे उलटे रूप त्यांपैकी एकीच्याही मुख्य तबकडीवर नाही. दोन तबकड्यांच्या संचात जुन्या कार्यक्रमांच्या मुद्रणांना जागा मिळते, सिंगललाही मिळते, पण प्रत्यक्ष प्रकाशित होऊन दुकानांतून विकल्या गेलेल्या एका संपूर्ण आवृत्तीला मिळत नाही, हे नोंदीला इतके महत्त्व देणाऱ्या गटाच्या बाबतीत विचित्र वाटते. पुढची आवृत्ती कधी निघालीच, तर तिसरी तबकडी त्या उलट्या अहवालाची असावी, आणि तिच्यावर कसलेही संस्करण न करता ती फेटिशच्या एलपीवरून थेट उतरवलेली असावी.